तीन ठोकळे

समजा, तुम्ही एका हिरव्या लोखंडी यंत्रापुढे उभे आहात. यंत्राच्या दोन जाड पाट्यांमध्ये काँक्रीटचा एक ठोकळा ठेवला आहे, जेवणाच्या डब्याएवढा. पाट्या त्याला हळूहळू दाबताहेत. तबकडीवर काटा सरकतो आहे. तो पाचशे साठच्या पुढे गेला पाहिजे. त्याआधी ठोकळा फुटला, तर तुमच्या बाबाचं काम जाणार आहे आणि त्याच्याबरोबर तुमची शाळाही.

आता श्वास रोखा. रितिकानंही रोखला होता.

रितिका अकरा वर्षांची. नागपूरच्या एका विद्यापीठाच्या आवारात नव्या वाचनालयाची चार मजली इमारत उभी राहत होती आणि तिचा बाबा गोविंदा तिथं काँक्रीटचा मिक्सर चालवायचा. आधी मौदा, मग बुटीबोरी, मग इथं. तीन वर्षांत तीन शाळा झाल्या. या शाळेत बाईंनी तिला वर्गाच्या पुस्तकांचं कपाट सांभाळायला दिलं होतं. त्याची किल्ली ती गळ्यात घालून झोपायची.

मार्चमध्ये एका खांबाचे ठोकळे चारशेवरच फुटले. तो खांब तोडावा लागला. साइटचा सुपरवायझर विक्की सगळ्यांसमोर म्हणाला, "आता अजून एक फेल झाला ना गोविंदाभाऊ, तर बोऱ्याबिस्तर बांधा."

तपासणीला प्रयोगशाळेच्या नंदिनी मॅडम यायच्या. रितिकाच्या प्रश्नांचा त्यांना कंटाळा नव्हता.

"खांब पक्का आहे का, हे तो फोडून बघता येईल का?" त्यांनी एकदा तिलाच विचारलं.

"नाही. मंग खांबच नाही राहणार."

"म्हणून खांबात जे काँक्रीट जातं, त्यातलंच थोडं साच्यात भरायचं. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचं आणि मग फोडायचं. खांबाला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं ठोकळा बोलतो."

"अन् ठोकळा खोटं बोलला तर?"

मॅडम हसल्या. "ठोकळ्याला खोटं बोलता येत नाही."

पुढचा खांब भरला, तो एप्रिलमधला शुक्रवार. मिक्सरच्या ड्रमला हात लावता येत नव्हता, असं ऊन. काँक्रीट लवकर घट्ट व्हायला लागलं.

"पाणी मार," विक्की म्हणाला.

"जास्त होईल, भाऊ. खांब कच्चा राहीन."

"मार म्हणतो ना. लोकं काय दिवसभर उभे राहतीन?"

गोविंदानं पाणी मारलं. खांब भरला. मग त्यातल्याच काँक्रीटचे तीन साचे भरायला घेतले.

"बाबा, मले ठोसू दे ना."

"घे सळई. पस्तीस वेळा ठोसजो, मोजून. मले नंतर तीस झाले म्हणून सांगशीन तर पाहाय."

ती मोजून ठोसत राहिली. गोविंदा हात धुवायला गेला, तरी ती साच्यांपाशीच होती, वरचा थर बोटांनी सारखा करत.

संध्याकाळी शेजारच्या खोलीतला अंकित खिशातल्या काचेच्या गोट्या खुळखुळवत आला. "चाल वं, कंचे खेळू. माहे तीन निळे जिंकले तू. ते वापस जिंकतो."

"आता नाही भेटत ते. पुढच्या महिन्यात."

"काहून? बँकेत ठेवले काय?"

"तसंच समज."

रविवारी साइट बंद होती. तरी सकाळी विक्कीनं गोविंदाला फोन करून बोलावून घेतलं. तो दुपारी परतला आणि जेवायला बसला. त्याच्या नखांत सिमेंट होतं.

"सुट्टीच्या दिवशी काय काम काढलं गा?" रितिकाच्या आईनं, कांताबाईनं विचारलं.

"होतं थोडं." मग तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे."

त्यानंतर रितिका रोज पाण्याच्या टाक्यात डोकावून यायची. तळाशी तीन ठोकळे दिसायचे. तिन्हींवर लाल रंगात शुक्रवारची तारीख.

आणि आज अठ्ठाविसावा दिवस. प्रयोगशाळेतलं ते हिरवं यंत्र.

काटा पाचशेवर आला. पाचशे साठ. सहाशे. विक्कीनं मोबाइल खिशात घातला. सातशे. आठशे दहाला ठोकळा कडकन फुटला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "कृष्णकांत, तुकडे हातोड्यानं बारीक फोडा. आत गिट्टी कशी बसली आहे, बघू."

कृष्णकांत प्रयोगशाळेतला मदतनीस. त्यानं तुकडे फोडून पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरले. रितिका ट्रेवर वाकली आणि एकेक तुकडा उलटून बघू लागली.

"काय शोधून राहिली वं? सोनं?" कृष्णकांतनं विचारलं.

तिनं पुढचा तुकडा उलटला.

दुसरा ठोकळा आठशे तीसला फुटला. तिनं तोही पूर्ण चाळला, अगदी भुगा होईपर्यंत. तिसरा सातशे नव्वदला. तेव्हा कृष्णकांतच्या आधी तिनंच हातोडा उचलला.

"वाचलो, गोविंदाभाऊ," विक्कीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. गोविंदा हसला नाही. तो रितिकाकडे बघत होता.

ती उठली. दोन्ही हात धुळीनं पांढरे झाले होते. तिनं बाबाच्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"चाल, घरी जाऊ," गोविंदानं तिचं मनगट धरलं. "आई वाट पाहत असंन."

मॅडमनी अहवाल पुढे ओढला. "आता या खांबावर बिनधास्त पुढचे मजले चढवा. वर चारशे मुलं अभ्यासाला बसणार आहेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

रितिकानं मनगट सोडवून घेतलं. ती टेबलाजवळ गेली, सहीच्या जागेवर आपला पांढरा तळहात ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, मी तिन्ही ठोकळ्यांत एकेक निळा कंचा दाबला होता. यांच्यात एकही नाही."