एक मात्रा आधी

नेडा झुविच गाडीतून उतरायला तयार नव्हती. माशाचे टाको खायला नेतो असं सांगून वेंडेल ओकाडानं तिला घरातून बाहेर काढलं होतं, आणि गाडी उभी केली होती सॅन पेड्रोच्या समुद्रावरच्या बागेपाशी. हिरवळीवर दोन-तीनशे माणसं नारंगी टोप्या घालून बसली होती. मंचावर कापडी फलक फडफडत होता आणि त्यावर त्या दोघांच्याच जुन्या रेकॉर्डचं नाव होतं, 'ऑरेंज पोर्च'.

दर उन्हाळ्यात लोक इथं जमतात आणि ती अख्खी रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मिळून गातात, हे वेंडेलनं तिला आत्ता कुठं सांगितलं. आजवर त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. रेकॉर्डचं नाव काढलं की ही बाई फोन आपटते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तिला फोन आपटायला कारणही तसंच होतं. सदुसष्ट साली ती, वेंडेल आणि आणखी दोघं अशा चौघांनी मिळून ती रेकॉर्ड केली. चाली वेंडेलच्या, मुख्य आवाज नेडाचा. तेव्हाची रीत अशी की एकाच फितीवर आवाजावर आवाज चढवत जायचं. आधी नेडा गायची, त्यावर बाकीचे, मग पुन्हा तेच चौघे, थरावर थर, की चारांचे चाळीस वाटावेत. तिसऱ्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि मग पुन्हा गाणं उचलायचं असतं. तिथं नेडा एक मात्रा आधीच सुटली. हे ध्यानात आलं तोवर तिच्या आवाजावर इतके थर चढले होते, की तो काढायचा तर सगळंच पुसावं लागलं असतं.

रेकॉर्ड तशीच बाजारात गेली आणि सपशेल आपटली. कुणी नेडाला बोल लावला नाही. तिनंच तो लावून घेतला. गाण्याच्या नावानं कानाला खडा लावून ती टपालखात्यात चिकटली, आणि निवृत्त होईपर्यंत सॅन पेड्रोचे चढ चढत घरोघर पत्रं टाकत राहिली. रेडिओवर तसल्या चालीचं काही लागलं की तिचा हात आधी बटणाकडे जायचा.

"तुला ओळखणार कोण इथं?" वेंडेल म्हणाला. "रेकॉर्डच्या कव्हरवर आपण होतो कुठं? संत्री होती. ओळखलं तर संत्र्यांना ओळखतील. मागं बस, टाळ्या वाजव, मग खाऊ टाको."

नेडानं पुन्हा एकदा फलकाकडे पाहिलं. खरी गोष्ट तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. रोज भांडी घासताना ती तीच ओळ गायची. वाद्यं थांबल्यावर पळीनं मात्रा मोजायची आणि अगदी बरोबर जागेवर उचलायची. पन्नास वर्षं तिनं ती ओळ एकट्या मोरीला नीट म्हणून दाखवली होती.

"टाळ्या वाजवायला नाही आले मी," ती दार उघडत म्हणाली. "ती ओळ एकदा चार माणसांत नीट गाते. मग मरायला मोकळी."

"मरायच्या आधी टाको खा म्हणजे झालं," वेंडेल म्हणाला.

दोघं मागच्या रांगेत बसली. पहिल्या गाण्यात नेडाचा आवाज घशातच राहिला. दुसऱ्यात तो बाहेर आला आणि तिची तीच चकित झाली. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरांनासुद्धा शब्द पाठ होते. मधेच मंचावर वाजवणाऱ्या बँडच्या, हातभर गोंदलेल्या ड्रमरनं सांगितलं, की जुन्या सामानात ही रेकॉर्ड मिळाली म्हणून आपण बँड काढला, आणि आपल्या बँडचं ऐकून आता लेकीनं काढलाय. बरेच लोक हसून माना डोलवत होते. त्यांच्याही घरी तीच कथा असावी.

तिसरं गाणं सुरू झालं. नेडा सरसावून बसली. वाद्यं थांबली. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला, मात्रा मोजली.

ती मोजत होती तेवढ्यात सगळी बाग गाऊ लागली. एक मात्रा आधी. म्हातारे, पोरं, गोंदलेला ड्रमर, सगळे एका दमात सुटले आणि गाणं चेंडूसारखं टणकन वर उसळलं. नेडा आपल्या बरोबर जागेवर आली, पण एकटीच. मिरवणूक पुढं गेल्यावर चप्पल शोधत राहिलेल्या माणसासारखा तिचा आवाज मागून धावत आला.

क्षणभर तिला वाटलं, हे आपली टर उडवताहेत. तिनं वेंडेलकडे पाहिलं. तोही आधीच सुटला होता आणि डोळे मिटून खुशाल गात होता. चेष्टा कुणाच्याच तोंडावर नव्हती. त्यांना ते गाणं तसंच येत होतं, आणि तसंच आवडत होतं. नेडाचा चेहरा लालभडक झाला. मग तिला असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

गाणं संपलं आणि हेच पुन्हा घ्या म्हणून लोकांनी गलका केला. पुढच्या रांगेतल्या कॉलेजातल्या एका मुलीनं मागं वळून पाहिलं. ही बाई चुकली म्हणून रडतेय, असं तिला वाटलं असावं. ती सरकून नेडाच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"मनाला लावून घेऊ नका, आजी," ती हळूच म्हणाली. "त्या जागी नवीन माणूस चुकतोच. मला जमायला दोन उन्हाळे लागले."