खार-तोल्गोईचं पदक

"पहिल्या प्रश्नाला घाई करायची?" दाशझेवेग गुरुजींनी विचारलं.

"अजिबात नाही. आधी क्षच्या जागी शून्य घालून बघायचं," खुलान म्हणाली.

"आणि अडलं तर?"

"आकृती पुन्हा काढायची. रडायचं नाही."

"रडायचं नाही," गुरुजींनी मान डोलावली. हातातला खारट चहा त्यांनी न पिताच टेबलावर ठेवला.

राष्ट्रीय गणित संस्थेच्या स्पर्धेसाठी दोघं सोळा तास बसमध्ये आदळत उलानबातरला आली होती. जिल्ह्याच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, यंदा पदक आणा, नाहीतर खार-तोल्गोईच्या शाळेतला सातवीपासूनचा गणिताचा वर्ग बंद. मग खुलानला दीडशे किलोमीटरवरच्या वसतिगृहात जावं लागणार आणि आई मेंढ्यांपाशी एकटी राहणार.

तशी पोरगी कच्ची नव्हती. संस्थेच्या उन्हाळी शिबिरातून जाडजूड वही भरून आणलेली. हिवाळाभर शाळेतल्या शेगडीपाशी दोघांनी त्या वहीचा फडशा पाडला होता.

संस्थेच्या उपाहारगृहात शेजारच्या टेबलाशी ओयुनगेरेलबाई होत्या. राजधानीतल्या बड्या शाळेच्या, सोबत इस्त्रीच्या कपड्यातली बारा मुलं.

"पोर चुणचुणीत दिसते हो," बाई म्हणाल्या. "पण वाईट वाटून घेऊ नका, पदकं काही बसने गावाला जात नाहीत."

"आमचं जाणार," खुलान फणकारली. "खिडकीजवळ बसून जाणार!"

गुरुजी हसत हसत पेन तपासू लागले.

घंटा झाली. पेपर चार तासांचा. आत पेनं धावत राहिली, बाहेर चहा निवत राहिला.

"पाचवा प्रश्न?"

"सुटला!"

दोघं जिन्यातच नाचली. लोक बघत होते, बघू देत.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. निवेदकाने कागद उलटला. "सुवर्णपदक... खार-तोल्गोईची शाळा!"

खुलानने अशी किंकाळी फोडली की पुढच्या तीन रांगा वळल्या. गेला वसतिगृहाचा बागुलबुवा! गुरुजी तोंडावर टोपी धरून हमसून हमसून रडू लागले. ओयुनगेरेलबाईंनासुद्धा राहवेना. टाळ्या वाजवत त्यांनी खुलानला ढोसलं, "अगं बघतेस काय, जा ना वर!"

खुलान जागची हलली नाही. ती गुरुजींच्या पाठीवर थोपटत होती.

निवेदक पुढे वाचू लागला, "शिक्षक गट. विजेते, श्री. दाशझेवेग. मार्गदर्शक, कुमारी खुलान, इयत्ता सहावी."