गुप्त मतदान

पहिलं मत आत्यानं टाकलं. बटण डब्याच्या तळाशी टण्णकन वाजलं आणि ती हात झटकून बाजूला झाली, जणू आपण त्या गावचेच नाही. मग बाबा गेले. इस्त्री तापलीय का बघून यावं, तसे गेले आणि आले. आता मुलीची पाळी होती.

शिंप्याच्या या घरात वाद बटणांनी मिटायचे. भिंतीला रंग कोणता, मांजर ठेवायचं की नाही, आत्यानं पहाटे गायचं की नाही, सगळं असंच ठरलेलं. बाबा प्रत्येकाच्या तळहातावर एक पांढरं आणि एक काळं बटण ठेवत. एक डब्यात टाकायचं, दुसरं खिशात ठेवायचं. कोणी काय टाकलं ते विचारायचं नाही, हा नियम. राज्यशास्त्राचं वेड मुलीला बहुधा या डब्यानंच लावलं. आत्या तिला पुढारीणबाई म्हणायची, ते काही उगीच नाही.

आज पांढरं म्हणजे लांबचं विद्यापीठ, काळं म्हणजे जवळचं. दोन्हींनी तिला प्रवेश दिला होता आणि उद्या एकाला होकार कळवायचा होता.

जवळचं पुलापलीकडे होतं. सकाळी बसनं जावं, दिवेलागणीला घरी यावं. तिथे राज्यशास्त्र होतं, पण इतिहासाच्या कुशीत अंग चोरून बसलेलं, शिकवायला एकच थकलेले सर. लांबचं मात्र थंडीच्या मुलखात, रात्रभराच्या प्रवासावर. ते तिनं फक्त चित्रात पाहिलेलं. तिथे म्हणे एक सभागृह होतं. विद्यार्थी समोरासमोर बाकांवर बसत, कायदे मांडत, एकमेकांचे पाडत. इस्त्रीची वाफ वर चढली की मुलीला त्यात ते सभागृह दिसायचं. उंच खिडक्यांबाहेर धुकं, आत सगळे चिडीचूप, आणि कोणीतरी बोलायला उभं राहिलेलं. ते कोणीतरी म्हणजे तीच असायची. वाफ विरली की समोर कुणाची तरी पँट.

परवा अशाच तंद्रीत तिनं एक जाड निळा कोट इस्त्री केला होता. मऊ लोकर, उंच कॉलर, काळी बटणं. गळ्याशी एक बटण लावायचं राहिलेलं.

"कोणाचा हो बाबा?"

"गिऱ्हाइकाचं अजून ठरत नाहीये," बाबा मान वर न करता म्हणाले.

कोणीतरी नशीबवान थंड गावाला निघालंय, असं मनाशी म्हणत तिनं तो खुंटीला लावला. तिला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला.

कारण तिचं जाणं काही खरं नव्हतं. बाबांना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. बोटं तरबेज, पण डोळ्यांनी दगा दिलेला. रोज सकाळी मुलगी सुया ओवून त्यांच्या छोट्या गादीत टोचून ठेवी आणि त्यावर दुकानाचा दिवस निघे. आत्याला तर चष्मा लावूनही चष्मा सापडत नसे. आठवडाभर विद्यापीठाचं नाव निघालं की बाबांच्या तोंडाला कुलूप. म्हणजे त्यांचं मत काळं, आणि आत्या तर भावाच्या शब्दाबाहेर नाही. दोन काळ्यांत एकच पांढरं निघालं तर ते कोणाचं, हे विचारावं लागलंच नसतं. मुलीला जायचं होतं आणि आपण अडवलं, हे बाबांना जन्मभर टोचत राहिलं असतं.

तिच्या मुठीत पांढरं बटण उबदार झालं होतं. ते खिशात सोडून तिनं काळं टाकलं.

आत्यानं डबा टेबलावर पालथा केला. एक पांढरं निघालं. मग आणखी एक पांढरं. आणि एक काळं.

"चला, पोरगी निघाली!" आत्या म्हणाली आणि लगेच डोळे पुसायला लागली. मग तिचं लक्ष काळ्या बटणाकडे गेलं. "पण हे मेलं कोणाचं रे?"

"विचारायचं नाही, अक्का," बाबा म्हणाले.

रडू यावं की हसू, मुलीला कळेना. "बाबा, पण सुया कोण ओवणार?" एवढंच ती कसंबसं बोलली.

"गल्लीत चांगले डोळे काय कमी आहेत? आता मात्र एक ओवून दे."

तिनं दोरा ओवला. पहिल्या खेपेला हुकलाच. तोवर बाबांनी काळं बटण उचललं होतं. त्याच्याकडे न बघता, खिडकीबाहेर पाहत त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग उठून खुंटीवरचा निळा कोट काढला आणि मुलीच्या खांद्यांवर टाकला. तिनं हात घातले. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या.

"अगं बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा!" आत्या म्हणाली.

बाबांनी गळ्याशी बटण धरलं. खालच्या सगळ्या बटणांशी ते जुळलं.

"हे याच कोटाचं," सुई टोचत बाबा म्हणाले. "मुद्दाम तुझ्या तळहातावर ठेवलं होतं. तू हेच टाकणार, म्हणून तर लावायचं थांबलो होतो."