दाराची फट

फट ठेवलीच नाही तिने. दार चौकटीत असं गच्च बसवलं, की मधून केससुद्धा जाऊ नये.

पुरानंतर पोरापोरींच्या हाताला काम मिळावं म्हणून सुतारकामाचा वर्ग निघाला होता. शिकता शिकता त्यांनी पुरात खराब झालेल्या घरांना दारं करून द्यायची. शिंप्याचं घर तिने मागून घेतलं, तेव्हा मास्तर चकित झाले. त्या घरासमोरून जाताना ती थुंकायची, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

पुराच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ शिंप्याच्या दारावर मुठी आपटत होता. समोरच्या गच्चीवरून ती बघत होती. दार उघडलं नाही. पाण्याने भावाला नेलं.

शिंप्याला मात्र लोकांनी छप्पर फोडून बाहेर काढलं. तो एवढंच म्हणाला, “दार उघडेना.”

“दार उघडेना, की काळीज?” तिची आई किंचाळली होती.

वर्गात मास्तर म्हणाले, “चारी बाजूंनी फट ठेवा. लाकूड पाणी पितं, फुगतं. मग हत्ती लावलात तरी दार हलत नाही.” तिचे डोळे चमकले. म्हातारा शिंपी खोटं बोलला होता ना? तेच खोटं ती त्याच्या गळ्यात बांधणार होती. पुन्हा पाणी येईल, दार फुगेल, आणि आतून मुठी आपटायची पाळी याची असेल. बिजागरीचा शेवटचा स्क्रू पिळताना तिला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

“जुनं दार घेऊन जा, पोरी,” आतल्या खोलीतून शिंपी म्हणाला. “मला ते डोळ्यांसमोर नको.”

भिंतीला टेकवलेलं दार तिने फिरवलं. आतली बाजू ती पहिल्यांदाच बघत होती. दाराची मूठ ओढून ओढून उपटून आली होती. कड वरपासून खालपर्यंत टोचून, खरवडून काढली होती. आणि कडेत रुतून मोडलं होतं कापड कापायच्या मोठ्या कात्रीचं पातं. पुरापासून म्हातारा शिवत का नाही, याचे गल्लीने भलतेच अर्थ लावले होते.

एवढा साठवलेला राग, आणि तो टाकायला आता जागाच नव्हती.

“बसलं का गं दार?” शिंप्याने विचारलं.

तिने पेचकस पुन्हा हातात घेतला.

“उतरवावं लागेल, काका. हे पाण्यात उघडायचं नाही.”