उसनं पेन

वॉर्डातल्या सगळ्या शिकाऊ डॉक्टरांनी तो फॉर्म दुपारी एकच्या आत भरून द्यायचा होता. काम करून करून कोण किती पिचलंय, ते मोजायचं होतं म्हणे. आणि त्यासाठी पिचलेल्यांनीच आणखी एक कागद भरायचा! धाकट्या डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यात पेन सापडेना. शेवटी नऊ नंबरच्या आजींच्या नवऱ्याकडून मागून घेतलं. शाईचं जुनं पेन, टोपणाला लाल दोरा गुंडाळलेला.

"सावकाश द्या," आजोबा म्हणाले. तेवढ्यात नर्स आजींचे कपडे बदलायला आली, तसे ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

बाईंनी उभ्याउभ्याच खुणा केल्या. झोप पुरते का? छे. कामावर यावंसं वाटतं का? कधीकधी. अकरावं वाक्य होतं: 'पेशंट आणि त्यांचे नातेवाईक मला माणसं म्हणून दिसेनासे झालेत.' हे मात्र त्यांना झोंबलं. असले डॉक्टर त्यांनी पाहिले होते. आपण तसं व्हायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी इथे आल्यापासून जिवापाड सांभाळली होती. 'कधीच नाही'वर त्यांनी ठसठशीत खूण केली आणि पेन द्यायला बाहेर आल्या.

बाकावर तीन म्हातारे बसले होते.

आता घ्या! तिघांचेही केस पांढरे, तिघांच्याही मांडीवर पिशवी. आजोबांचा चेहरा काही केल्या आठवेना. अहो, पाच मिनिटांपूर्वी त्यांच्याच हातातून पेन घेतलं होतं की! शेवटी अंदाजाने त्यांनी ते मधल्यापुढे धरलं. "थँक्यू हं, आजोबा."

"माझं नाही हो, बाई. यांचं असेल."

कडेचे आजोबा ओशाळून उठले, जसं काही त्यांचंच चुकलं होतं. "माझंच ते. असू द्या, डॉक्टरबाई. एवढी माणसं येतात, तुम्ही तरी कुणाकुणाला लक्षात ठेवणार?"

सहा दिवस त्या या माणसाशी सकाळ-संध्याकाळ बोलत होत्या. फाइलमध्ये बघून. आजींचे रक्ताचे रिपोर्ट त्यांना आकड्यांसकट तोंडपाठ होते. लाजेने त्यांचे कान तापले. आजोबा चिडले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

आजोबांनी पेन खिशाला लावलं. बाई फॉर्म हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "पेन जरा परत देता? एक उत्तर चुकलंय."