सहा दाखले

देवासच्या मैदानावर लांब पल्ल्याच्या शर्यतीची पहिली शिट्टी झाली आणि रेषेकडे निघालेल्या अवंतीने धारहून संघ घेऊन आलेल्या अरविंदसरांचा हात धरला. "सर, छातीत कसंतरी होऊन राहिलंय." सरांना दाखले आठवले. आंतरशालेय स्पर्धेत प्रत्येक मुलीचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो, म्हणून ते दरवर्षीसारखे एकटेच ओळखीच्या डॉक्टरकडे गेले होते. "मुली दणकट आहेत ना भिया?" एवढंच विचारून डॉक्टरने चहा निवायच्या आत सहाही दाखल्यांवर सह्या ठोकल्या. एकीच्याही छातीला तपासायची नळी लागली नव्हती. सरांनी अवंतीला ओढतच सावलीत बसवलं. ती रडू लागली. "मला का काढलंत? दाखल्यात तर फिट लिहिलंय!" सरांनी हातातले दाखले पाहिले. सहा नावं, प्रत्येकाखाली तीच सही. बाकीच्यांना थांबवायला ते धावले, तोच दुसरी शिट्टी झाली आणि पाचही जणी जीव तोडून सुटल्या.