बिनपरवानगीची जनावरं

"मी चेअरमन असेपर्यंत या सोसायटीत एकही जनावर राहणार नाही," खळदकरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. तळमजल्यावरच्या कालिंदीताईंची कुत्री रंभा हिला हाकलायचा ठराव रविवारच्या सभेत यायचा होता.

अंगाला खाज सुटते म्हणून केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट शनिवारी आले. "रक्तात इओसिनोफिल पेशी बावीस टक्के, शौचात अंडी! काका, तुमच्या पोटात जंत आहेत," डॉक्टर म्हणाले.

"अहो, मी कुत्र्याला शिवतसुद्धा नाही!"

"हे कुत्र्याचे नाहीत. माणसाचेच आहेत."

खळदकरांनी ते रिपोर्ट बायकोला पाठवले, पण गेले सोसायटीच्या ग्रुपवर.

सभेत कालिंदीताई उठल्या. "रंभाला मी दर तीन महिन्यांनी जंताचं औषध पाजते. चेअरमनसाहेब, तुमची जनावरं मात्र बिनऔषधाची, बिनपरवानगीची राहतात की हो!"

सगळे खो खो हसले. "आधी मतदान घ्या!" खळदकर ओरडले, आणि सकाळी घेतलेल्या औषधाने नेमकं तेव्हाच पोट ढवळलं. कळ दाबत ते चौथ्या मजल्यावरच्या घराकडे धावले.

इकडे ठराव एका मताने पडला. तिकडे लिफ्ट बंद होती.